खूश होत्या त्या नऊजणी गेल्या

२०२३ च्या मे महिन्यात एका बेदाणा प्रक्रिया केंद्राच्या मालकांचा फोन आला. सांगली-तासगाव रस्त्यावरचं हे केंद्र. त्यांचे पीएफ-ईएसआयचे कागद मी बरीच वर्षं बघते, त्यामुळे त्यांचा नंबर दिसला की कुठली तरी नोटीस आली असणार असं धरूनच फोन उचलते. या वेळी नोटीस नव्हती.

"मॅडम, माझ्याकडच्या बायका खूश आहेत. कागदावर आहे तसं. तरी दोन महिन्यांत नऊजणी गेल्या, एका शब्दानं न सांगता. आणि बाप्ये माणसं दिवसभर कुरकुरतात, त्यातला एकही हलेना. हे काय गणित आहे ते जरा बघा."

ते गणित इथे मांडते आहे. केंद्राचं नाव देणार नाही आणि हजेरीचे, म्हणजे रोजच्या मजुरीचे, आकडेही नाहीत, फक्त प्रमाण सांगते: मशीनवरच्या माणसाला आठ रुपये मिळत असतील तर निवडीच्या बाईला पाच.

केंद्र आणि त्यातली कामं

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडची द्राक्षं शेडमध्ये जाळीवर वाळतात, बेदाणा होतो, तासगाव-सांगलीच्या सौद्यात विकला जातो आणि मग अशा केंद्रांत येतो. इथे तो धुतला जातो, प्रतवारी होते, पंधरा किलोच्या बॉक्समध्ये भरला जातो आणि कोल्ड स्टोरेजला जातो. धुण्याचं मशीन, ड्रायर, रंग ओळखणारं सॉर्टेक्स, टेम्पो आणि हमाली ही कामं पुरुषांची. लांब टेबलाभोवती बसून काडी, खडा, फुटका दाणा वेगळा काढायचा ते काम बायकांचं. असं कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण निवडीच्या टेबलावर पुरुष आणि सॉर्टेक्सच्या बटणांपाशी बाई मी तोवर कधी पाहिली नव्हती.

तेव्हा निवडीला २६ बायका होत्या, पुरुष १५, आणि ऑफिसच्या बाजूला तीन तरुण मुली: दोघी लॅबमध्ये ओलावा आणि गंधक तपासणाऱ्या, बीएस्सी झालेल्या, आणि एक हिशेबाला. म्हणजे बायका एकूण २९. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात ३० पेक्षा जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर करावं लागे. हा २९ चा आकडा योगायोगाचा नव्हता, हे मालकही हसत मान्य करतात.

समाधानाचा फॉर्म

माल परदेशी जातो, म्हणून खरेदीदाराने २०२२ च्या सप्टेंबरात कामगारांच्या समाधानाचा फॉर्म भरून मागितला. एकच प्रश्न मोठा होता, एकंदरीत कामावर किती समाधानी आहात? त्यापुढे एक ते पाच असे चेहरे, रडव्यापासून हसऱ्यापर्यंत. निवडीतल्या बऱ्याच जणींना वाचता येत नाही, म्हणून सुपरवायझर टेबलापाशी उभा राहून मोठ्याने विचारायचा आणि तोच खूण करायचा. सगळ्यांसमोर. निवडीतल्या जवळजवळ सगळ्या जणींचे चेहरे चार-पाचचे आले. पुरुष दोन-तीनवर अडकले. तिन्ही मुलींनी स्वतःच्या हाताने भरलं आणि दोनवर खूण केली, पण मालकांनी 'महिला' म्हणून एकच सरासरी काढली. २६ हसऱ्या चेहऱ्यांत ते तीन कागद कुठे गेले कळलंही नाही.

मग मालकांनी जे केलं ते कुठल्याही धंदेवाल्या माणसाने केलं असतं. दिवाळीला पुरुषांना वाढ दिली, कारण नाराज ते होते. बायकांना साडी आणि फराळाचा डबा. फेब्रुवारीत नवा माल येऊ लागला तसं काम उरकावं म्हणून निवडीची वेळ दहाऐवजी साडेआठ केली. "खूश आहेतच, तेवढं समजून घेतील," हा हिशोब. एप्रिल आणि मेमध्ये मिळून नऊजणी यायच्या थांबल्या.

टेबलापाशी

मी चार दिवस निवडीच्या हॉलमध्ये बसले. पहिल्या दिवशी फक्त हात बघितले. सॉर्टेक्समधून येणारा माल पांढऱ्या ट्रेमध्ये पडतो, बाई तळव्याने एकदा तो पसरते, आणि मग अंगठा आणि पहिलं बोट असं काही चालतं की बोट कुठल्या दाण्यावर थांबलं ते आपल्याला दिसतच नाही, बाजूला पडलेली काडी तेवढी दिसते. सगळ्या जिला आक्का म्हणतात तिने मला दोन हिरवे दाणे दाखवले आणि विचारलं, यातला कुठला टिकंल? मला दोन्ही सारखे दिसले. तिने एक दाबला, आत ओल होती. "मशीनला रंग कळतोय, वल न्हाई कळत," म्हणाली. सॉर्टेक्समधून निसटलेलं सगळं या टेबलावर पकडलं जातं. तरी मस्टरवर सॉर्टेक्सचं बटण दाबणारा 'कुशल' आणि आक्का 'अकुशल'.

तिलाच विचारलं, कामावर समाधानी आहात का?

"व्हय की. सावलीत बसून काम हाय. बायका-बायका गप्पा मारतोय. मागं भांगलाय जायचो तवा पाठ भाजून निघायची."

तिची तुलना भांगलणीशी होती. उसात नाहीतर हळदीत वाकून दिवस काढलेल्या बाईला पंख्याखालचं टेबल म्हणजे सुखच आहे, आणि ते ती खोटं सांगत नव्हती. फॉर्म सुपरवायझरने भरला म्हणून पाच आले, असा मला आधी संशय होता. तो पुष्कळसा चुकीचा निघाला. एकटीला बाजूला घेऊन विचारलं तरी त्या समाधानीच होत्या.

इथे मला थोडं बाहेर जावं लागेल. ब्रिटनमध्ये १९९१ च्या घरोघरच्या सर्वेक्षणावरून अँड्र्यू क्लार्क या अर्थतज्ज्ञाने १९९७ मध्ये लेख लिहिला. पगार कमी, बढतीची आशा कमी, तरी बायका पुरुषांपेक्षा कामावर जास्त समाधानी कशा, हा त्याचा प्रश्न. त्याचं उत्तर अपेक्षांचं होतं: माणूस मिळालेलं मोजतो ते मिळेलसं वाटलं होतं त्याच्याशी ताडून, आणि बायकांची अपेक्षाच कमी ठेवलेली असते. याला आधार काय, तर तरुण, जास्त शिकलेल्या, व्यावसायिक कामातल्या आणि पुरुषांची संख्या जास्त असलेल्या ठिकाणच्या बायकांत हा फरक नाहीसा होतो. मालकांच्या गठ्ठ्यातले ते तीन दोनचे कागद तेच सांगत होते.

डबे

समाधान एकच धरून विचारलं की उत्तरही गोळाबेरीजच येतं. म्हणून मी पाच पत्र्याचे डबे घेतले, झाकणाला भोक पाडलं आणि प्रत्येकावर खडूने चित्र काढलं. घड्याळ म्हणजे वेळ, दोन बायका म्हणजे सोबत, नाणं म्हणजे हजेरी, उघडं तोंड म्हणजे वरच्यांचं बोलणं, आणि शिडी म्हणजे पुढची वाढ. बरं असेल तर हिरवा बेदाणा टाकायचा, बरं नसेल तर काळा. एकेकीने पडद्यामागे जायचं. (मोजणीत मूठभर बेदाणे कमी भरले. खाल्ले कुणी ते विचारलं नाही.)

निवडीत उरलेल्या १७ जणी. सोबतीच्या डब्यात १७ हिरवे. हजेरीच्या डब्यात हिरवेच जास्त, ज्याचं मला तेव्हा नवल वाटलं. घड्याळाच्या डब्यात ११ काळे, आणि या त्या बायका ज्यांनी वेळ बदलल्यावरही काम सोडलं नव्हतं. शिडीच्या डब्यात १७ जणींचे मिळून चार बेदाणे.

बाकीच्यांनी टाकलेच नव्हते. विचारलं तर एक जण म्हणाली, "ती शिडी कशाची हाय ते कळलं न्हाई, म्हणून गेलो पुढं." मी समजावलं, म्हणजे आज निवडीला आहात, उद्या वरचं काम, जास्त हजेरी. ती हसली. शेजारची म्हणाली, "आमाला कुठलं वरचं?"

पुरुषांच्या शिडीच्या डब्यात १५ जणांचे १५ बेदाणे होते, १३ काळे. त्यांना शिडी नीट कळली होती, म्हणून तर राग होता.

हजेरीच्या हिरव्या बेदाण्यांचा उलगडाही इथेच झाला. आठ आणि पाच या प्रमाणाबद्दल एकीलाही तक्रार नव्हती, कारण मशीनवाल्याशी स्वतःला ताडावं असं त्यांच्या डोक्यातच नव्हतं. त्या ताडायच्या शेजारच्या केंद्रातल्या निवडीशी, आणि तिथे पाचपेक्षाही कमी होते. समान किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला समान वेतन हे १९७६ पासून कायद्यात आहे. पण कामंच बायकांची आणि पुरुषांची अशी वेगळी ठेवली की 'सारखं काम' शोधायलाच जागा उरत नाही, कायद्यालाही नाही आणि बाईच्या मनालाही नाही. मालकांचं उत्तर ठरलेलं: "मॅडम, काम वेगळं आहे ना." मी आक्काने दाबलेला दाणा आठवून गप्प बसले. ते माझं चुकलं, तेव्हाच बोलायला हवं होतं.

फे क्रॉस्बी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन गावात केलेला अभ्यास १९८२ चा आहे. तिथल्या नोकरदार बायकांना, बायकांवर एकूण अन्याय होतो हे मान्य होतं, पण स्वतःच्या बाबतीत तक्रार जवळपास नव्हती. बुधगाव-कवलापूरकडून येणाऱ्या बायकांचं बोलणं ऐकताना तेच ऐकू येत होतं: "बायकांस्नी कमीच देत्यात सगळीकडं. माझं काय, माझं बरं हाय."

गेलेल्या नऊ

गेलेल्यांपैकी चौघींच्या घरी जाऊन आले. एकीलाही मालकांबद्दल राग नव्हता. एकीने तर दिवाळीची साडी नेसलेली होती. सकाळी साडेसहाला म्हशीची धार, दूध डेअरीला, पाणी, चुलीवरचं, पोरांचे डबे, सासऱ्यांचं औषध, आणि मग दहाची वेळ जेमतेम गाठायची. देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटं. दहाचे साडेआठ केले तेव्हा त्या २९९ मधली ९० मिनिटं मालकांनी मागितली होती. ती घरात दुसरं कुणी द्यायला तयार नव्हतं.

"मग आधी बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं ताई? काम त्यांचं, वेळ त्यांची. आमाला जमंना, आमी ऱ्हायलो."

त्यांचं पाचचं समाधान खरं होतं, पण ते उभं होतं दहाच्या वेळेवर आणि सोबतीवर. वेळ काढून घेतली आणि ते कोसळलं. त्यात आणखी एक गोष्ट झाली जिचा मालकांना पत्ताच नव्हता. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. तोवर सांगली-मिरजेला रोज जाणं परवडत नसे, आता परवडू लागलं. चौघींपैकी दोघी मिरजेत एका दवाखान्यात साफसफाईला लागल्या होत्या. हजेरी उन्नीस-बीस, पण वेळ दहाची. दार उघडलं मार्चमध्ये, एप्रिलपासून पावलं निघाली.

बेंडर, डोनोह्यू आणि हेवूड यांचा अमेरिकेतला २००५ चा अभ्यास याच्या जवळ जातो. बायका जिथे बहुसंख्य असतात तिथे बायका जास्त समाधानी दिसतात, पण कामाच्या वेळेतली सवड हिशोबात धरली की तो फरक उरत नाही. बायकांना बायकांचीच कामं आवडतात असं त्यावरून म्हणता येत नाही. त्या कामांत घर सांभाळता येतं, इतकंच.

कुरकुरणारे आणि तरी राहणारे

पुरुषांची नाराजी मालक 'सवय' म्हणून सोडून देत होते, तीही मला पटली नाही. ड्रायरवरचा एक जण सत्तावीस वर्षांचा. कामाबद्दल विचारलं तर सरळ लग्नावर आला. "पोरगी बघाय गेलो की तिचा बाप पयला विचारतोय, पर्मनंट हाय का? मशीन चालवतो म्हणलं की चहा पिऊन परत." त्याचा वर्गमित्र कुपवाड एमआयडीसीत पर्मनंट आहे आणि तो स्वतःला त्याच्याशी ताडतो. बाईला घरातून "कामाला जातीस हेच लई" असं ऐकू येतं, आणि त्याला घरातून "एवढंच मिळतं?" नोकरीवर त्याचं सगळं तोललं जातं, म्हणून त्याचा आकडा खाली.

आणि मग तो का जात नाही? बहुतेकांनी हंगामाआधी उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत तोंड चालतं, पाय चालत नाहीत. निवडीच्या बायकांना मालक उचल देत नाहीत, त्यांनी कधी मागितलीही नाही. समाधानाचा आकडा आणि काम सोडणं यांची फारकत झाली ती अशी.

मी पुरुषांना आणि बायकांनाही एक प्रश्न विचारला होता. तुमच्या लेकराला इथे, याच कामाला लावाल का? ड्रायरवाला अजून बिनलग्नाचा, पण सॉर्टेक्सवाला म्हणाला, "पोरगा मशीन शिकणार असंल तर लावीन की." आकडा दोनचा. आक्काने हातातला ट्रे खाली ठेवला. "पोरगीला? हितं? न्हाई. ती शिकलीया." आकडा पाचचा.

लॅबमधल्या एका मुलीबद्दल आधीच लिहायला हवं होतं. तिच्याच वर्षी, तिच्याच बीएस्सीवर लागलेला मुलगा 'प्रॉडक्शन सुपरवायझर', ही 'लॅब असिस्टंट'. ऑडिट आलं की दोघांचे रिपोर्ट हीच करायची. "फॉर्मवर दोन लिहिलं तर मला बोलावून विचारलं, तुलाच काय प्रॉब्लेम आहे, बाकी सगळ्या खूश आहेत." आक्काच्या समाधानाचा असाही वापर होऊ शकतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. जूनमध्ये ती पुण्याला गेली, ती काही परत येणार नाही.

काय केलं

निवडीचे दोन गट केले, एक साडेआठचा आणि एक दहाचा, ज्याचं त्याने निवडायचं. नऊपैकी पाच परत आल्या, दवाखान्यातल्या दोघी आल्या नाहीत. आक्का आणि आणखी तिघींना मस्टरवर 'कुशल' केलं आणि प्रमाण पाचाचं साडेसहा झालं. यावर मालक आणि मी तीन बैठका भांडलो, ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. दोघींना सॉर्टेक्स शिकवलं. मशीनवाल्यांनी आठवडाभर तोंडं वाकडी केली, एकाने बेल्टचा ताण मुद्दाम चुकीचा सांगितला असा संशय आहे, सिद्ध झालं नाही. एकीने महिन्याभरात मशीन सोडलं, आवाज सोसत नाही म्हणाली. दुसरी टिकली. पुरुषांसाठी फारसं काही करता आलं नाही, दोघांना कायम केलं तेवढंच. पाळणाघर अजून नाही.

२०२४ च्या मेमध्ये पुन्हा डबे मांडले, आणि खरेदीदारासाठी चेहऱ्यांचा फॉर्मही, या वेळी सुपरवायझरशिवाय. निवडीत आता २४ जणी. त्या पूर्ण वर्षात एकच गेली होती, तीही लेकीच्या बाळंतपणाला. घड्याळाच्या डब्यात जवळजवळ सगळे हिरवे. पण चेहऱ्यांवर मात्र चार-पाच कमी झाले होते, तीन वाढले होते, आणि हजेरीच्या डब्यात काळे आधीपेक्षा दुप्पट.

मालकांनी कागद माझ्यासमोर सरकवला. "मॅडम, पैसे मी घातले आणि समाधान कमी झालं. वर चूक माझीच?"

त्यांना ब्रिटनचंच पुढचं सांगितलं. त्याच सर्वेक्षणाची १९९१ ते २००० ची आकडेवारी नंतर तपासली गेली, तर पुरुषांचं समाधान साधारण जिथल्या तिथे होतं आणि बायकांचं उतरत आलं होतं. बायकांच्या अपेक्षा वाढत गेल्या, हे त्याचं एक कारण मानलं गेलं. मालकांना हे फारसं पटलं नाही. त्यांच्या दृष्टीने कागदावर आकडा उतरला होता आणि तो कागद परदेशी जाणार होता.

शिडीचा डबा शेवटी उघडला. २४ जणींचे २२ बेदाणे निघाले, त्यातले १५ काळे. आक्का दारातच उभी होती, मोजणी संपेपर्यंत.

"औंदा कळलं," म्हणाली, "शिडी कशाची हाय ते."

मालकांनी बेदाणे परत डब्यात भरले, झाकण लावलं आणि मला विचारलं, सॉर्टेक्स शिकायला आणखी कुणाकुणाची नावं आली आहेत. सहा आली होती.